सराफ्याचे ओटे

राज्यशासनाच्या कोषालयांत छत्तीस वर्षे काढल्यामुळे माझ्या स्वभावात एक खोड कायमची मुरली आहे. अमुक वस्तू विनामूल्य मिळते असे कोणी सांगितले की 'मग देयक कोणाच्या नावाने निघाले?' हा प्रश्न तोंडून निघाल्यावाचून राहत नाही. रस्त्यावरच्या पाणपोईपासून लग्नातल्या आहेराच्या पिशव्यांपर्यंत सर्वत्र मी तो विचारलेला आहे आणि त्यापायी घरच्यांची बोलणीही खाल्ली आहेत. निवृत्तीनंतर ही खोड जाईल अशी माझ्या पत्नीची समजूत होती. ती खोटी ठरली, आणि त्याला निमित्त झाली आमची नात.

नात येथेच, इंदुरात, ॲनिमेशन शिकते. एके दिवशी तिने जाहीर केले की तिचे सगळे काम ब्लेंडरवर चालते आणि त्याला एक पैसाही पडत नाही. पत्नीने स्वयंपाकघरातूनच विचारले, "मग आपला बिघडलाय तो का नाही देत बदलून?" खुलासा झाला तो असा की हे ब्लेंडर चटणी वाटण्याचे नसून संगणकावर त्रिमितीय आकृती घडवण्याचे, त्यांना हालवण्याचे आणि त्यांचा चित्रपट करण्याचे साधन आहे. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस या दिग्दर्शकाने याच साधनावर 'फ्लो' नावाचा मांजराचा चित्रपट केला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, हेही तिने सांगितले. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिने उत्तर न देता संगणकाच्या पडद्यावर देणगीदारांची यादी उघडली आणि ती कॉलेजला निघून गेली.

ती यादी वाचताना मला प्रथम वाटले की आपली काहीतरी चूक होते आहे. विद्यार्थी, हौशी कलावंत, लहानसहान स्टुडिओ यांची नावे अपेक्षितच होती. परंतु त्यांच्या वरच्या रांगांत जगातल्या बलाढ्य कंपन्या बसल्या होत्या. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या होत्या, खेळ बनवणाऱ्या होत्या, स्वतःची महागडी चित्रसाधने विकणाऱ्याही होत्या. दुसऱ्याचे, तेही फुकट वाटले जाणारे साधन चांगले व्हावे म्हणून या मंडळींनी आपल्या गाठीचे पैसे का मोजावेत? लेखापरीक्षणात अशी नोंद आढळली असती तर मी तिच्यापुढे तांबड्या पेन्सिलीने चौकट आखली असती.

मग चार-सहा महिने मी या एकाच प्रकरणाचा माग काढला. सेवेत असताना एवढ्या चिकाटीने मी एखादी नस्ती वाचल्याचे स्मरत नाही.

ब्लेंडरचा जन्म नव्वदच्या दशकात नेदरलँडमध्ये झाला. टॉन रोझेनडाल या गृहस्थांनी आपल्या स्टुडिओच्या कामासाठी ते घडवले, पुढे त्यासाठी वेगळी कंपनी काढली, तिच्यात गुंतवणूकदारांचा पैसा आला, आणि २००२ साली ती कंपनी बसली. गुंतवणूकदारांनी अट घातली की एक लाख युरो आणून द्या, म्हणजे साधनाची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करू. रोझेनडालनी लोकांपुढे पदर पसरला आणि ती रक्कम सात आठवड्यांत गोळा झाली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर खुले झाले. वसुलीच्या कामात केस पांढरे झालेल्या माणसाला 'सात आठवडे' या शब्दांचे मोल कळते. आमच्याकडे एवढ्या काळात पहिले स्मरणपत्रही पोहोचत नसे.

येथपर्यंतची कथा लोकवर्गणीची आहे आणि तिच्यात न समजण्यासारखे काही नाही. कोडे सुरू होते ते २०१९ पासून. त्या वर्षीच्या जुलैमध्ये एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीने ब्लेंडरला बारा लाख डॉलर देऊ केले. ऑक्टोबरात चिप बनवणारी एनव्हिडिया आली आणि पाठोपाठ त्याच धंद्यातील तिची प्रतिस्पर्धी एएमडी आली. २०२१ च्या जुलैमध्ये अ‍ॅडोबी आली, ऑक्टोबरात अ‍ॅपल आली. वरच्या श्रेणीचे आश्रयदाते त्या काळी वर्षाला किमान एक लाख वीस हजार युरो देत असत. म्हणजे ज्या रकमेसाठी २००२ साली पदर पसरावा लागला, तिच्याहून अधिक रक्कम आता एकेक कंपनी दर वर्षी आपण होऊन आणून देत होती.

याचे उत्तर मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळाले नाही. ते रात्री साडेदहा वाजता, सराफ्यात, भुट्ट्याचा कीस खाताना मिळाले.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की राजवाड्याजवळचा आमचा सराफा दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार असतो. रात्री पेढ्यांची दारे लोटली जातात आणि त्यांच्याच ओट्यांवर, त्यांच्याच दारांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. गराडू, दहीवडे, जिलबी, कीस. मध्यरात्र उलटेपर्यंत तेथे पाऊल ठेवायला जागा नसते. सोन्याच्या व्यापाऱ्याने आपला ओटा दहीवडेवाल्याला का द्यावा? जुनी माणसे सांगतात की रात्रभर गर्दी राहिली, दिवे राहिले, की तिजोरीला राखण आपोआप होते. दहीवडेवाल्याचा धंदा वाढावा असे सराफाला मनापासून वाटते. त्याला दहीवडे विकावयाचे नसतात, म्हणून.

कीस तोंडात असतानाच मी नातीला हे बोलून दाखवले. ती म्हणाली, "आजोबा, अगदी तसंच आहे. तुम्ही फक्त कोणाची तिजोरी कुठे आहे ते बघा."

मी त्याप्रमाणे पाहू लागलो आणि यादीतील नोंदी एकामागून एक उलगडत गेल्या. एपिककडे 'अनरिअल' नावाचे खेळ घडवण्याचे यंत्र आहे. ते वापरावयास पैसे पडत नाहीत, मात्र त्यावर केलेला खेळ दहा लाख डॉलरपलीकडे कमावू लागला की वरच्या मिळकतीतून साधारणतः पाच टक्के वाटा एपिकचा. खेळासाठी झाडे, घरे, माणसे, घोडे घडवावे लागतात, आणि ते ब्लेंडरसारख्या साधनात घडतात. गावोगावच्या पोरांना ते साधन फुकट मिळाले आणि तेथला घोडा अनरिअलमध्ये विनासायास धावू लागला, तर खेळ वाढणार आणि पाच टक्केही वाढणार. अ‍ॅडोबीने २०१९ साली 'सब्स्टन्स' हे साधन विकत घेतले होते. त्याने त्रिमितीय वस्तूंना लाकडाचा, गंजाचा, मखमलीचा पोत चढवता येतो. ज्याच्यावर पोत चढवावयाचा ती वस्तू जर लाखो लोक ब्लेंडरमध्ये घडवत असतील, तर सब्स्टन्सचे दार ब्लेंडरच्या अंगणात उघडणे अ‍ॅडोबीला भागच होते. तसे दार तिने पुढे करून दिले.

चिपवाल्यांची गोष्ट याहून रंजक आहे. ब्लेंडरमध्ये रचलेल्या दृश्यावर छायाप्रकाश पाडून त्याचे अंतिम चित्र काढणे हे संगणकाच्या दृष्टीने प्रचंड गणिताचे काम असते, आणि जितकी दमदार चिप तितके ते झटपट होते. चिप विकणाऱ्याच्या दृष्टीने याहून गुणी गिऱ्हाईक नाही. पण चिपशी बोलण्याची भाषा प्रत्येक कंपनीची निराळी. एनव्हिडियाची भाषा ब्लेंडरला आधीपासून येत होती. इतरांशी बोलण्याची जुनी सामाईक पद्धत डिसेंबर २०२१ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली आणि त्याच आवृत्तीत एएमडीची स्वतःची जोडणी आली. तीन महिन्यांनी अ‍ॅपलची आली, सप्टेंबर २०२२ मध्ये इंटेलची आली. कंपन्यांनी नुसता पैसा दिला नाही, आपली माणसेही या कामाला लावली. आपल्या चिपची जोडणी नसणे म्हणजे कलावंताने दुकानात येऊन शेजारच्या कपाटातील डबा उचलणे. प्रतिस्पर्धी एकाच यादीत शेजारी शेजारी का बसले, याचे उत्तर एवढेच. एक बसला म्हणून दुसऱ्याला बाहेर राहणे परवडेना.

हे ध्यानात आल्यावर पूर्वीच्या कित्येक घटनांचा अर्थ लागू लागला. ऑगस्ट १९९७ मध्ये बोस्टन येथे अ‍ॅपलच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितले की मायक्रोसॉफ्ट आपल्या कंपनीत पंधरा कोटी डॉलर गुंतवणार आहे आणि पाच वर्षे 'ऑफिस' हे आपले साधन अ‍ॅपलच्या संगणकासाठी काढत राहणार आहे. पडद्यावर बिल गेट्स यांची मूर्ती प्रकटली तेव्हा सभागृहाने हुर्यो केली. अ‍ॅपलचे त्या वेळी दिवाळे वाजत आले होते. शत्रूने शत्रूला वाचवले असे वर्णन अनेकांनी केले आहे. मला त्यात शत्रुत्वही दिसत नाही आणि दयाही दिसत नाही. ऑफिसचे एक मोठे गिऱ्हाईक अ‍ॅपलच्या घरी राहत होते, ते घर पडू देण्यात मायक्रोसॉफ्टचा लाभ नव्हता. शिवाय मक्तेदारीच्या आरोपाचे सावट तिच्यावर होतेच. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारने तिच्यावर खटला भरला. एखादा प्रतिस्पर्धी जिवंत असलेला बरा, हा हिशेब तेव्हा कोणी केलाच नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही.

येथवर मी बऱ्यापैकी समाधानी होतो. कोडे सुटले होते, लेख लिहून संपादकांकडे द्यावा असा विचार होता. परंतु या मागाची एक वाट अक्षरांकडे वळली आणि तेथे मला माझीच सही भेटली.

अक्षरांची कथा १९८५ पासून सांगावी लागते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२ च्या अखेरीस अ‍ॅडोबी काढली. पानावरचे अक्षर आणि चित्र छपाईयंत्राला समजावून सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा त्यांनी रचली. अ‍ॅपलने या चिमुकल्या कंपनीचे भाग विकत घेतले आणि ती भाषा आपल्या लेसरायटर या छपाईयंत्रात घातली. त्या यंत्राची किंमत ६,९९५ डॉलर होती. त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आले. तीन कंपन्यांच्या तीन वस्तू, एकीवाचून दुसरी लंगडी. या तिघींच्या जुळणीतून टेबलावरची प्रकाशनकला जन्मली आणि आपल्या त्रैमासिकासारख्या शेकडो लहान नियतकालिकांना खिळ्यांच्या खोक्यांतून मुक्ती मिळाली.

हा घरोबा चार वर्षेच टिकला. पोस्टस्क्रिप्टच्या उत्तम अक्षरवळणांचे रहस्य अ‍ॅडोबीने कुलपात ठेवले होते आणि त्याचे शुल्क ती घेत असे. १९८९ साली अ‍ॅपलने आपल्याजवळचे तिचे भाग विकले आणि चक्क मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून ट्रूटाइप ही पर्यायी पद्धत जाहीर केली. अ‍ॅडोबीने मग १९९० मध्ये आपले कुलूप स्वतःच उघडले. आणि गंमत पाहा, १९९६ साली अ‍ॅडोबी आणि मायक्रोसॉफ्ट यांनीच एकत्र येऊन ओपनटाइप ही नवी पद्धत काढली. आज आपल्या मोबाइलवर 'क्ष', 'त्र' किंवा रफार योग्य जागी उमटतो तो या ओपनटाइपच्या आणि युनिकोडच्या आधाराने. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत मिळाली होती. विंडोज २००० मध्ये मंगल हे वळण आले, ते आपल्या रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हातचे. ही अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणारे 'हार्फबझ' नावाचे एक खुले साधन आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस ही एरवी एकमेकांशी चुरस करणारी मंडळी तेच वापरतात. ते नाव फारसी आहे आणि त्याचा अर्थ 'खुले अक्षर'. 'एक हर्फ काढला नाही' असे आपण बोलताना म्हणतो, तोच हा हर्फ.

या साऱ्या भांडणांतून आणि समेटांतून मला एक गोष्ट दिसली, ती मांडतो. कंपनी जोडणीला पैसा देते तेव्हा तिची तिजोरी त्या जोडणीत नसते, पलीकडे कुठेतरी असते. जेथे तिजोरी, तेथे कुलूप. एनव्हिडिया ब्लेंडरला उदार हस्ते देते, पण चिपशी बोलण्याची आपली भाषा मात्र ती इतर चिपवाल्यांना मोकळी करून देत नाही. अ‍ॅडोबीने अक्षरांचे कुलूप उघडले ते दुसऱ्याने भिंतच फोडल्यावर. यात मला ढोंग दिसत नाही. सराफ ओटा देतो, पेढीची किल्ली देत नाही, याला कोणी ढोंग म्हणत नाही. मात्र ज्या अक्षराच्या आसपास कोणाचीच तिजोरी नाही, त्याच्यासाठी ओटाही कोणी देत नाही.

आता माझी सही. आपले त्रैमासिक १९९६ पासून संगणकावर जुळू लागले. त्या काळच्या मराठी अक्षरसंचांत युनिकोड नव्हते. प्रत्येक विक्रेत्याने इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपापल्या मर्जीने मराठी अक्षरे बसवलेली असत. एकाच्या खणात 'क' तर दुसऱ्याच्या त्याच खणात काना. संचासोबत संगणकाच्या पाठीमागे खोचण्याची एक कळ येई, ती नसेल तर संच चालत नसे. विक्रेत्याची तिजोरी त्या अक्षरांतच होती. त्याने ती का उघडावी, आणि उघडून दिल्याबद्दल त्याला कोणी काय देणार होते? मी त्याला दोष देत नाही.

२००४ साली आपले जुळारी माझ्याकडे आले. मी तेव्हा संस्थेचा मानद कोषाध्यक्ष होतो. जुने सर्व अंक युनिकोडमध्ये उतरवून ठेवू या, पुढे हा संच चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. खर्च साडेसात हजार रुपये. मी त्यांच्या अर्जावर शेरा लिहिला: 'अंक छापून वाटला गेला की संगणकातील प्रतीचे प्रयोजन संपते. सबब खर्च अमान्य.' खाली सही आणि तारीख. तो कागद संस्थेच्या नस्तीत आजही आहे. माझे अक्षर तेव्हा चांगले होते.

त्यानंतर काय झाले ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. एका पावसाळ्यात संस्थेच्या माळ्यावर पाणी शिरले आणि छापील अंकांचे गठ्ठे गेले. बरेच अंक सभासदांच्या घरून परत मिळाले, पण एक गोष्ट मिळणे शक्य नव्हते. माझे एक शिक्षक स्नेही इंदुरातील जुन्या मराठी घरांत बोलले जाणारे शब्द गोळा करून लेखमाला लिहीत होते. शेवटचे दोन भाग जुळून तयार असताना ते गेले. घरच्यांनी आवराआवर करताना हस्तलिखिते रद्दीत गेली. ते दोन भाग आमच्या हाती उरले ते एका सीडीवर, त्या कुलूपबंद अक्षरांत. कळ खोचण्याजोगी खाच नव्या संगणकांना नाही. विक्रेत्याचे दुकानही उरले नाही.

मी हे सारे नातीला सांगितले तेव्हा ती रागावली नाही, याचेच मला वाईट वाटले. तिने सीडीतील पाने उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, प्रश्नचिन्हे यांचा चिवडा पसरला. मग हाती लागलेला त्याच वर्षाचा एक छापील अंक आणि त्याच अंकाची सीडी शेजारी ठेवून कोणत्या खुणेला कोणते अक्षर याचा तक्ता ती करू लागली. मी मोठ्याने वाचायचे, तिने टिपायचे, असे तीन रविवार चालले. पहिल्या खेपेला 'किल्ली'ची वेलांटी शब्दाबाहेर एकटी लोंबकळत आली आणि 'अर्थ' या शब्दाचा 'अथर्' झाला, कारण त्या संचात वेलांटी आधी आणि रफार नंतर टंकावा लागे. तेही तिने एका छोट्या आज्ञावलीने सुधारले. जी साधने वापरली ती सर्व विनामूल्य. देयक कोणाच्या नावाने, हे आता मला विचारावे लागले नाही. माझ्या हिश्शाचे देयक मात्र सराफ्यात दोन खेपा भरले.

दोन्ही भाग आता वाचता येतात. फक्त एकोणीस शब्द राहिले आहेत. त्यांतील एकदोन खुणा छापील अंकात कोठेच आलेल्या नाहीत, म्हणून तक्त्यात नाहीत. शब्द बोलीतले, तेव्हा कोशाचाही उपयोग नाही. स्नेह्यांच्या पत्नी हल्ली उज्जैनला मुलाकडे असतात. वय ब्याऐंशी, पण स्मरण लख्ख आहे असे त्यांचा मुलगा म्हणाला. नातीने ते एकोणीस शब्द, जेवढे उमटतात तेवढे, मोठ्या टाइपात कागदावर काढून दिले आहेत, आणि प्रत्येकापुढे एक ओळ मोकळी सोडली आहे. येत्या रविवारी सकाळच्या बसने निघतो.